वाळवणात ठेवलेलं झाड

"हे बांडगूळ घरात कशाला टांगलंय हो?"

आमच्या मजल्यावरच्या आजी पहिल्यांदा बाल्कनीत आल्या, तेव्हा त्यांनी हेच विचारलं. समोर अर्ध्या करवंटीत मुठीएवढा रुपेरी पानांचा झुबका होता. माती नाही, कुंडी नाही, मुळं म्हणावीत तर चार सुकलेले धागे. आजी मूळच्या राजापूरकडच्या. आंब्याच्या फांदीवर परकं पान दिसलं की कोयती मागवायची, ही त्यांच्या माहेरची शिस्त.

कोयतीचा राग रास्त आहे, पण तो या झाडावर नको. बांडगूळ फांदीच्या सालीत शिरतं आणि आंब्याने जमिनीतून ओढून आणलेलं पाणी परस्पर पितं. आपण ज्याला 'एअर प्लांट' म्हणतो ते झाड फांदीवर फक्त बसतं. त्याची मुळं म्हणजे पकड. अंगठ्याने धरून ठेवावं तेवढंच त्यांचं काम, ज्या फांदीवर बसतं तिच्यातून एक थेंबही ते घेत नाही. सह्याद्रीत अशी बसणारी झाडं भरपूर आहेत. जूनच्या सुमारास जांभळ-फणसाच्या खोडावरून लोंबणारी सीतेची वेणी हे ऑर्किड त्यातलंच, आणि आंब्याच्या बेचक्यात मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसणारं बाशिंग हे नेचेही. पाठ्यपुस्तकात यांना अपिवनस्पती म्हणतात. मला 'उपरी झाडं' हा शब्द जास्त आवडतो. वर बसणारा तो उपरा, आणि बाहेरून आलेला तोही उपरा. आपल्या बाल्कनीतलं हे झाड दोन्ही अर्थांनी उपरं आहे.

नर्सरीत एअर प्लांट म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा टिलँड्सिया या प्रजातीतलं असतं. तिच्यात सहाशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतल्या: संयुक्त संस्थानांच्या आग्नेय कोपऱ्यापासून मेक्सिको, ग्वाटेमाला, कॅरिबियन बेटं असं करत खाली अर्जेंटिनापर्यंत. कूळ अननसाचं. या कुळात तीन हजारांहून अधिक जाती असून त्यातली एकच आफ्रिकेत, गिनीच्या खडकांवर सापडते. बाकी सगळा गोतावळा अटलांटिकच्या पलीकडचा. टिलँड्सियाचा एक भाऊबंद मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्याकडे उतरला आणि इथलाच होऊन गेला. अननस हा शब्दही दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला आहे. अननस चिरताना वरचा तुरा टाकून देतो ना, तो एकदा हातात घेऊन बघा. मधून फुटून चहूकडे वळलेल्या निमुळत्या पानांची तीच ठेवण टिलँड्सियात दिसते, फक्त फळाचा व्याप नाही.

टिलँड्सिया या नावामागे एक गमतीदार माणूस आहे. एलियास टिलांड्झ (१६४०–१६९३) हा फिनलंडमधल्या तुर्कू इथे वैद्यक शिकवणारा वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी तुर्कूहून समुद्रमार्गे स्टॉकहोमला जाताना त्याला बोट इतकी लागली, की परतीला त्याने जहाजात पाय ठेवायचंच नाकारलं आणि अख्ख्या आखाताला वळसा घालून तो जमिनीवरून घरी आला. 'टिलांड्झ' म्हणजे साधारणपणे 'जमिनीवाटे'. हे आडनावच त्याने त्या प्रवासानंतर घेतलं, अशी हकिकत वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने सांगितली आहे. हे झाडही त्या गृहस्थासारखंच पाण्याला घाबरतं, असं लिनिअसला वाटलं आणि त्याने १७३८ मध्ये त्याचं नाव या प्रजातीला दिलं.

गंमत अशी, की लिनिअसची समजूत निम्मी चुकीची होती आणि आज नर्सरीवाले सांगतात ती निम्मी उलट बाजूने चुकीची. लिनिअसला वाटलं याला पाणी नको. नर्सरीवाला म्हणतो, "हे हवेवर जगतं, काही करावं लागत नाही, फक्त रोज थोडं फवारा." या वाक्यातल्या तिन्ही तुकड्यांनी झाडं मेलेली मी पाहिली आहेत.

हवेवर जगतं म्हणजे काय, हे कळायला भिंग लागतं. पानावरची चांदीसारखी लव भिंगाखाली धरली की ती लव नसून खवले आहेत हे दिसतं. बऱ्याच जातींत या खवल्याची मांडणी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी असते: मधोमध चार पेशी, भोवती आठ, त्याभोवती सोळा आणि कडेला चौसष्ट पेशींची झालर. या सगळ्या पेशी मेलेल्या, पोकळ. जिवंत असतो तो खवल्याखालचा बारीक देठ. कोरडेपणी झालर वर उचललेली असते आणि ऊन परतवून लावते, म्हणून झाड रुपेरी दिसतं. पाणी पडलं की पोकळ पेशी टिपकागदासारख्या ते ओढतात, झालर पानाला चिकटते आणि देठातून पाणी आत जातं. पाणी सुकलं की मधला भाग खाली बसतो आणि झाकण लागतं. आत जायचा रस्ता आहे, बाहेर यायचा जवळजवळ नाही. आपल्या डोळ्यांना दिसतं ते एवढंच, की पाण्यात बुडवताच रुपेरी झाड क्षणात हिरवंगार होतं. मुलांना दाखवावा असा हा खेळ आहे.

पाण्याबरोबर येणारं विरघळलेलं मीठ, धूळ, पक्ष्याच्या शिटेतला अंश हेच त्याचं जेवण. उत्तर चिलीच्या अटाकामा वाळवंटात टिलँड्सिया लँडबेकी ही जात सरळ वाळूच्या टेकड्यांवर पसरलेली असते. तिथे पाऊस जवळपास नाहीच. पॅसिफिकवरून येणारं धुकं खवल्यांवर अडतं आणि तेवढ्यावर हजारो झाडांचे पट्टे उभे राहतात.

हवेतलं पाणी टिपून जगणारी एक वस्तू मराठी स्वयंपाकघरात आधीपासून आहे. गोड्या मसाल्यातलं दगडफूल. ते झाड नव्हे, बुरशी आणि शेवाळ यांचा भागीदारीतला संसार. पण त्याच्याच कुळातलं 'अस्निया' नावाचं दाढीसारखं लोंबणारं दगडफूल आहे, आणि एक टिलँड्सिया हुबेहूब तसं दिसतं म्हणून तिचं नाव पडलं टिलँड्सिया अस्निऑइडिस, म्हणजे अस्नियासारखी. हीच नर्सरीतली 'स्पॅनिश मॉस', करड्या जटांसारखी टांगलेली. ती स्पॅनिश नाही आणि मॉसही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत ओकच्या झाडांवरून ती वावभर लोंबते. एकेकाळी लुइझियानात ती गोळा करून, कुजवून, आतला काळा धागा काढून गाद्यांमध्ये आणि मोटारींच्या आसनांत भरत. मेक्सिकोत नाताळच्या देखाव्यात ती अंथरतात, जशी आपल्याकडे गौरीपुढे हिरवळ.

आता या झाडाची रात्र. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. टिलँड्सियाला ते परवडत नाही. दिवसा दार उघडलं तर आतलं पाणी उडून जाईल. म्हणून ती रात्री छिद्रं उघडते, वायू घेते, त्याचं मॅलिक आम्ल करून पेशींत साठवते आणि दिवसा दारं लावून त्या साठ्यावर ऊन वापरून साखर करते. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब ज्या आम्लांमुळे आंबट लागते, त्यांतलं हे एक. ही युक्ती ज्या निरीक्षणातून हळूहळू उलगडली, त्यातलं एक जुनं निरीक्षण हिंदुस्थानात झालेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन याने १८१३ च्या एका पत्रात लिहिलं, की पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी किंचित कडवट. पानफुटी आजही आपल्या कुंड्यांत सापडते. पहाटे एक तुकडा जिभेवर ठेवून हाइनचा प्रयोग करून बघायला काही खर्च नाही. तुकडा थुंकून टाकावा इतकंच.

या रात्रीच्या श्वासाचा आपल्या पाणी घालण्याशी थेट संबंध आहे. भिजलेला खवला पानाला चिकटतो आणि पाण्याचा पापुद्रा छिद्रांवर बसतो. रात्रभर झाड ओलं राहिलं तर त्याचा नेमका श्वासाचा वेळ जातो. म्हणून पाणी सकाळी. संध्याकाळपर्यंत झाड कोरडं ठणठणीत झालं पाहिजे.

मला हे कळायला एक झाड गमवावं लागलं. वाढदिवसाला भेट मिळालेलं, काचेच्या गोळ्यात पांढऱ्या खड्यांवर बसवलेलं, दिसायला अगदी दागिना. जूनमध्ये आलं. सोबतच्या चिठ्ठीत 'रोज फवारा' लिहिलं होतं, मी रोज फवारलं. बाहेर पाऊस, आत ओल, गोळ्याला वाऱ्यासाठी रुपयाएवढं भोक. दीड महिना ते छान दिसत होतं. एके दिवशी सहज उचलायला गेलो तर मधली पानं चिमटीत आली, केळीच्या सालीसारखी सहज सुटून. बुडाशी काळपट लगदा, आंबूस वास. एअर प्लांट कुजतं ते असं, आतून आणि न सांगता. सुकणारं झाड निदान तक्रार करतं. पानांच्या कडा आत वळतात, टोकं तपकिरी होतात, रंग विटतो, आणि तेव्हाही रात्रभर भिजत ठेवलं तर ते बहुधा परत येतं. कुजलेलं परत येत नाही.

तेव्हापासून माझं म्हणणं असं, की टिलँड्सिया सांभाळणं हे पाणी घालण्याचं काम नाही, वाळवण्याचं काम आहे. आणि वाळवण म्हटलं की मराठी घराला नव्याने काय सांगायचं? कुरडई वरून कडक झाली तरी आत ओली आहे की नाही, हे जिच्या बोटांना कळतं तिला हे झाड पहिल्याच आठवड्यात कळेल.

माझी पद्धत साधी आहे. आठवड्यातून एकदा सकाळी पसरट घमेल्यात पाणी घेतो आणि झाडं अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवतो. बाहेर काढताना प्रत्येक झाड उलटं धरून दोनदा जोरात झटकतो, कोथिंबिरीची जुडी झटकावी तसं. सगळी गोम या झटकण्यात आहे, कारण पाणी अडतं ते पानांच्या बेचक्यात आणि कूज तिथूनच सुरू होते. मग झाडं उलटी करून रोवळीत ठेवतो. तांदूळ धुवायची बांबूची रोवळी आता स्वयंपाकघरातून हद्दपार झाली आहे, तिला हे नवं काम छान जमतं, खालून-वरून वारा लागतो. पंखा मध्यम. तीन-चार तासांत झाड वाळलं पाहिजे, त्याहून जास्त वेळ लागला तर जागा चुकली आहे असं समजावं. वाळेपर्यंत ते आपल्या शोभेच्या जागी परत जात नाही, हा नियम मी मोडत नाही.

मधल्या दिवसांत हवा फारच कोरडी असेल तर फवारा, नाहीतर नाही. फवारा हा आंघोळीच्या जागी तोंड पुसण्यासारखा आहे. बरं वाटतं, भागत नाही.

पानं पाहूनही अंदाज बांधता येतो. जितकं झाड रुपेरी, लवदार, तितकं ते कोरड्या मुलखातलं आणि तितकं पाणी कमी. जितकं हिरवं आणि तुकतुकीत, तितकं दमट जंगलातलं आणि तितकी तहान जास्त. टेक्टोरम ही इक्वेडोर-पेरूच्या डोंगरातली जात बर्फाचा गोळा वाटावी इतकी पांढरी असते. तिला बुडवायचंच नाही, अधूनमधून शिंतोडे पुरे. बल्बोसा आणि कॅपुट-मेड्युसी यांचं बूड कांद्यासारखं फुगलेलं आणि आत पोकळ असतं. मूळ रानात बल्बोसाच्या या पोकळीत मुंग्या बिऱ्हाड करतात. आपल्या घरात मुंग्यांच्या जागी पाणी शिरून बसतं, म्हणून या दोघींना पटकन बुचकळून काढायचं आणि उलटं टांगायचं.

पाणी कोणतं, हा प्रश्न इथे इतर झाडांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कारण मध्ये माती नाही. माती बरंच काही स्वतःत अडवते. इथे पाण्यात आहे ते सरळ पानात जातं. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. धरणाचं नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवलं की त्यातला क्लोरीन बराचसा उडतो, ते चालतं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार जास्त. ते वाळलं की पानांवर पांढरी पूड बसते आणि खवले बुजतात. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची चांगली सवय अनेकांना लागली आहे, पण त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. तुळशीलाही ते रोज नको, या झाडाला तर मुळीच नको.

आणि आता तांबं. या कुळाला तांब्याचा अंश सोसत नाही. खवल्यांना निवड करता येत नाही, पाण्याबरोबर विरघळलेला धातूही ते आत घेतात. म्हणूनच ब्राझील-अर्जेंटिनातले संशोधक टिलँड्सियाच्या जुड्या शहरांत टांगून हवेत कोणते धातू किती आहेत ते मोजतात. (यावरून 'हे झाड घरातली हवा शुद्ध करतं' असं सांगून विकणारेही आहेत. मुठीएवढं झाड खोलीभर हवेचं काही भलं करत नाही, त्याची उलटी बाजू मात्र खरी: हवेतलं, पाण्यातलं वाईट त्याला लागतं.) आपल्याकडे रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून सकाळी पिण्याची पद्धत घरोघरी आहे. 'रात्रभर ठेवलेलं पाणी' म्हटलं की हात आधी त्याच भांड्याकडे जातो. ते आपण प्यावं, झाडाला देऊ नये. एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही तांब्या-अॅल्युमिनियमच्या जाळीवरून येतं, तेही नको. कोकणात किंवा गोव्यात सुपारीच्या बागेत ही झाडं लावली असतील तर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारायच्या दिवशी ती आत घ्या. त्यातला मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ.

खत लागतंच असं नाही. द्यायचं तर महिन्यातून एकदा, पाण्यात विरघळणारं, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाईने, आणि ज्यात तांबं नाही ते. पिठ्या ढेकूण क्वचित लागतो. कापसाच्या बोळ्याने पुसला की भागतं.

परदेशी पुस्तकांतली वेळापत्रकं आपल्याकडे चालत नाहीत. मुंबई-ठाण्याच्या हवेत आधीच भरपूर ओल. तिथे पाण्यापेक्षा वाऱ्याची सोय बघावी लागते. जून ते सप्टेंबर मी पुण्यातसुद्धा बुडवणं जवळजवळ बंद करतो. पंधरा दिवसांतून एकदा, तेही दोन दिवस उघडीप मिळणार असेल तर. भर पावसात कपडे वाळत नसतील तर हे झाडही वाळणार नाही, इतका सोपा हिशोब आहे. उलट मार्च ते मे, देशावर हवा चुरचुरीत कोरडी झाली, की आठवड्यातून दोनदा बुडवणं लागतं. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत कूलर असतो. त्याच्या दमट वाऱ्याच्या झोतापासून थोडं बाजूला टांगलेलं झाड मजेत राहतं, पण कूलरच्या टाकीतलं आटून खारट झालेलं पाणी त्याला घालू नका. एसीच्या खोलीत झाड सुकतं, तिथे फवाऱ्याचा खरा उपयोग.

उजेड भरपूर हवा, ऊन कोवळं. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीवर, जिथे दुपारीही दिवा लावावा लागतो, तिथे ते जगणार नाही, कितीही शोभलं तरी. काही महिने तग धरेल आणि त्यामुळे आपली फसगत होईल, कारण हे झाड मरायलाही वेळ घेतं.

आता मांडणीकडे वळू. कुंडी नको म्हटल्यावर माणसाच्या कल्पनाशक्तीला पाय फुटतात. समुद्री साळिंदराच्या कवचात झाड उलटं बसवून जेलीफिश करणारे आहेत, फ्रिजला लोहचुंबकाने चिकटवणारे आहेत, चित्राच्या चौकटीत जाळी ठोकून भिंतीवर लावणारेही आहेत. यात मला एकच कसोटी लावावीशी वाटते: झाड त्या जागेवरून दोन सेकंदांत सुटं करून पाण्यात नेता येतं का? येत नसेल तर ती जागा पाण्यासकट भिजवता आणि वाळवता येते का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर ती मांडणी झाडासाठी नाही, पाहुण्यांसाठी आहे.

या कसोटीवर काचेचा गोळा पहिल्यांदा नापास होतो. गोळा हवाच असेल तर तोंड हाताचा पंजा जाईल इतकं मोठं असावं, तळाशी ओलं शेवाळ किंवा माती नसावी, आणि उन्हात तर तो ठेवूच नये, आत भट्टी होते.

सर्वांत उत्तम पास होतं ते आपलं शिंकाळं. मांजराच्या आणि मुंग्यांच्या भीतीने दुधा-लोण्याची भांडी टांगायला ज्याने कोणी ते शोधलं, त्याने नकळत एअर प्लांटसाठीच शोधलं. सर्व बाजूंनी वारा, पाणी अडायला जागा नाही, झाड उचललं की सुटं. झेरोग्राफिका ही या मंडळीतली थोराड राणी, पानं केसांच्या बटांसारखी वळलेली, चांगली वाढली तर परातीएवढी होते. ती सुती शिंकाळ्यात जशी शोभते तशी कशातच नाही. सुती दोरी पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा तेवढे चार महिने ती बदलून नायलॉनची घ्यावी.

लाकूड वापरायचं तर टणक आणि जुनं. नाशिककडे द्राक्षाची जुनी बाग मोडली की पिळदार खोडांचा ढीग पडतो, आणि एकेक खोड म्हणजे तयार शिल्प असतं. पण त्या खोडांवर वर्षानुवर्षं बोर्डो आणि तांब्याची बुरशीनाशकं बसलेली असतात. म्हणून मी ते खोड आधी एक अख्खा पावसाळा गच्चीत भिजू देतो, वर्षभराने वापरतो, आणि तरीही झाड त्याला चिकटवत नाही, नुसतं बेचक्यात ठेवतो. समुद्रावर वाहून आलेलं लाकूड गोड्या पाण्यात आठ-दहा दिवस, रोज पाणी बदलत, ठेवल्याशिवाय वापरू नये. करवंटी उत्तम, पण तिला तळाशी दोन भोकं हवीत. नारळाचं सोडण दिसायला छान, मात्र ते स्पंजासारखं पाणी धरतं. कोरड्या हवेत चालेल, कोकणात कूज आणेल.

बांधायला तंगूस. मासेमारीचा हा पारदर्शक दोरा दिसत नाही, कुजत नाही, गंजत नाही. सोनेरी-तांबूस तारेचा मोह सगळ्यांना होतो आणि बाजारातल्या अर्ध्या टांगण्या त्याच तारेच्या असतात. तांब्याचं वर सांगितलंच. चिकटवायचंच झालं तर ग्लू गनचा गोंद क्षणभर निववून खालच्या एखाद्या पानाला लावावा. बुडाला नाही, कारण तिथूनच उद्या पिल्लं फुटणार आहेत.

गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात: लाकडी चौकट आडवी टांगून तिला रानफळं, फुलं, वेली, कणसं बांधायची. माझ्या एका मित्राने तशीच छोटी चौकट करून खिडकीसमोर आडवी टांगली आणि वेगवेगळ्या उंचीवर दहा-बारा टिलँड्सिया सोडल्या, मधे स्पॅनिश मॉसच्या दोन जटा. फ्लॅटमध्ये पाहिलेली ही माझ्या मते सर्वांत देखणी मांडणी. अख्खी चौकट काढून न्हाणीघरात शॉवरखाली धरली आणि परत वाऱ्यावर टांगली की आठवड्याचं काम झालं. जटांच्या बाबतीत एकच पथ्य: त्या दाट करू नयेत. बाहेरून करड्या आणि आतून काळ्या पडलेल्या जटा म्हणजे आत वारा पोचत नाही. चार पदर सुटे करून टांगले तर तीच वनस्पती पंखा लावल्यासारखी तरारते.

फूल येतं ते आयुष्यात एकदा. आयोनांथा ही सर्वांत सहज मिळणारी जात, आधी तिची मधली पानं लाजल्यासारखी लाल होतात, मग त्यातून जांभळ्या नळ्या बाहेर येतात आणि पिवळे परागकोश दिसतात. नळ्या थोड्या दिवसांत जातात, लाली काही आठवडे टिकते. ही लाली पाहून विक्रेत्यांना वाईट युक्ती सुचली आहे: झाडं रंगवून विकण्याची. निळी, गुलाबी, चमचमती झाडं दिसली तर घेऊ नका, खवल्यांवर रंगाचा लेप बसला की झाडाचं तोंडच शिवल्यासारखं होतं.

फूल यायला उशीर होत असेल तर अननसवाल्यांची युक्ती इथेही चालते. अझोर्स बेटांवर अननसाच्या काचघरांत धूर करतात, कारण धुरातल्या इथिलीन वायूने झाडं एकदम फुलावर येतात. शेतकरी त्यासाठी आता इथेफॉन वापरतात. घरी पूर्ण वाढलेलं, कोरडं झाड पिकलेल्या केळ्यासोबत पिशवीत दोन-तीन दिवस बंद ठेवायचं, तेवढ्याने बऱ्याचदा काम होतं. म्हणजे मे महिन्यात आंब्याची अढी घातलेल्या खोलीत झाड टांगलं असेल आणि ते अवेळी लाल झालं, तर चमत्कार समजू नये. मी स्वतः ही घाई करत नाही, कारण फुलानंतर झाडाचा उतार सुरू होतो.

विकत घेताना झाड हातात घेऊन बघावं, बूड दाबून. टणक हवं. वजनाला अगदी पिसासारखं लागलं तर आतून सुकलेलं आहे. झेरोग्राफिका घेत असाल तर ती रोपवाटिकेत वाढवलेली आहे का, हे जरूर विचारा. रानातून ओरबाडून नेल्यामुळे तिचं नाव वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात, घालावं लागलं आहे. ग्वाटेमालातल्या रोपवाटिका ती कायदेशीर वाढवून पाठवतात.

फूल सुकलं की काही आठवड्यांत बुडाशी हिरवे कोंब दिसतात, दोन, तीन, कधी जास्त. आईच्या निम्म्याएवढं झालं की पिल्लू हलक्या हाताने पिरगाळून वेगळं करता येतं. आजींनी असंच एक नेलं. आता त्यांच्या खिडकीच्या गजाला ते तंगुसाने बांधलेलं आहे आणि ते बांडगूळ नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. बाकीची मी वेगळी करत नाही. आई त्यांच्यातच वर्ष-दीड वर्षात तपकिरी होत जाते. तिची सुकलेली पानं एकेक करून ओढून काढली की मोकळ्या जागेत पिल्लं आत सरकतात, त्यांना पुढे त्यांची पिल्लं होतात. माझ्याकडच्या सर्वांत जुन्या आयोनांथाचा आता नारळाएवढा गोळा झाला आहे. पहिलं झाड त्यात नेमकं कुठे होतं ते शोधूनही सापडत नाही. रविवारी सकाळी तो घमेल्यात सोडला की बुडत नाही, तरंगतो, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी जाऊन त्याला एकदा पालथा करावा लागतो.